शेक चालू असताना आंघोळ करावी की नाही?

स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले की पुष्कळ स्त्रियांना पुढे किरणोपचार घ्यावे लागतात. आपल्याकडे कोणी त्याला 'शेक' म्हणतात, कोणी 'लाईट', तर कोणी 'करंट'. हे शेक सुरू झाले की घरात पहिला नियम लागू होतो तो पाण्याचा. "त्या जागेला पाणी लागू द्यायचे नाही." मग तीन किंवा पाच आठवडे बाई आंघोळ करीत नाही. फार झाले तर ओल्या फडक्याने हातपाय पुसून घेते. हा नियम कोणी सांगितला असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते. शेजारच्या खाटेवरच्या बाईने सांगितले, जाऊबाईंच्या माहेरी एकीला असेच सांगितले होते, किंवा "तिथं दवाखान्यातच म्हणाले".

मी जिल्ह्याच्या गावी दवाखाना चालवते. शेक देण्याची यंत्रे मोठ्या शहरांत असतात. शनिवारी-रविवारी सुट्टी असते म्हणून गावी आलेल्या स्त्रिया माझ्याकडे येतात आणि हळूच विचारतात, "मॅडम, आंघोळ केली तर चालंल का?" या प्रश्नाला माझे उत्तर "चालेल" एवढेच नाही. आंघोळ करावी, रोज करावी आणि शेकाची जागाही हलक्या हाताने धुवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे आज सविस्तर सांगते.

हा प्रश्न छोटा का नाही?

कॅन्सरसारखा आजार असताना आंघोळीचे काय घेऊन बसलात, असे काही वाचक म्हणतील. पण आपल्या घरांतील रीत डोळ्यांसमोर आणा. आंघोळ केल्याशिवाय बाई देवघरात जात नाही. कित्येक घरांत चुलीलाही शिवत नाही. सोलापूर, लातूर, बीडकडच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत महिनाभर आंघोळ नाही म्हणजे घामाचा वास येतो, अंगाला खाज सुटते. मग ती स्वतःच चार माणसांत बसेनाशी होते. नातवंडांना जवळ घेत नाही. आजाराने आधीच खचलेली स्त्री आणखी एकटी पडते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. घाम आणि मळ साचलेली कातडी लवकर चिघळते. ती सोलवटली, लस वाहू लागली, की "आता हे सोसवत नाही" म्हणून काही स्त्रिया शेक मध्येच सोडून गावी निघून येतात. किरणोपचारात असा खंड पडणे धोक्याचे असते, कारण मधल्या दिवसांत उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशींना पुन्हा वाढायला अवसर मिळतो. कातडी जपणे म्हणजे उपचार शेवटपर्यंत पूर्ण करणे. म्हणून मी या विषयाला क्षुल्लक मानीत नाही.

कातडीला नेमके काय होते?

शेक हा शब्द फसवा आहे. यात आच नसते आणि विजेचा झटकाही नसतो. यंत्राखाली काही मिनिटे पडून राहायचे, त्या वेळी काहीही दुखत नाही. बाहेरून किरण देऊन झाल्यावर बाईच्या अंगात ते किरण उरत नाहीत. त्यामुळे लेकराला जवळ घेण्यात किंवा पंगतीला बसण्यात कसलाही धोका नाही.

आपली कातडी रोज झिजत असते आणि तळच्या थरात नव्या पेशी तयार होऊन वर येत असतात. किरणांचा परिणाम या तळच्या थरावर होतो. नव्या पेशींचा पुरवठा कमी पडतो. म्हणून पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. साधारण दोन-तीन आठवड्यांनी कातडी लाल किंवा काळसर होते, कोरडी पडते, खाजते, कोंड्यासारखे पापुद्रे निघतात. काखेत आणि स्तनाखालच्या घडीत, जिथे कातडीला कातडी घासते आणि घाम साचतो, तिथे काहींना ओलसर सोलवटते. शेक संपल्यावरही आठ-पंधरा दिवस हा त्रास वाढू शकतो, मग तीन-चार आठवड्यांत बहुतेकींची कातडी भरून येते. थोडी लाली तर बहुतेक सगळ्यांनाच येते. तिला घाबरू नये. ओले सोलवटणे टाळणे किंवा कमी करणे, एवढे आपल्या हाती असते.

मग पाणी वर्ज्य कसे झाले?

क्ष-किरणांचा शोध राँटजेनने १८९५ साली लावला. पुढची कित्येक वर्षे किरणांची मात्रा मोजण्याचे नीट साधन नव्हते. कातडी किती लाल झाली यावरून डॉक्टर मात्रेचा अंदाज घेत. त्या जुन्या यंत्रांचा सर्वांत जास्त मारा कातडीवरच होत असे, त्यामुळे खरोखर भाजल्यासारख्या जखमा होत. १९५१ साली कॅनडात कोबाल्ट यंत्राने उपचार सुरू झाले. या यंत्राचा पुरा जोर कातडीच्या खाली सुमारे अर्ध्या सेंटिमीटरवर पडतो. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या लिनिअर ॲक्सिलरेटर यंत्रात तो आणखी खोल, सुमारे दीड सेंटिमीटरवर पडतो. म्हणजे कातडी पहिल्यापेक्षा बरीच वाचते. यंत्रे बदलली, पण त्या काळच्या भीतीतून आलेले नियम मात्र तोंडातोंडी चालत राहिले, असे मला वाटते.

दुसरे कारण अगदी व्यवहारी आहे. शेक नेमका कुठे द्यायचा हे ठरवण्यासाठी कातडीवर शाईच्या रेघा किंवा खुणा करतात. त्या पुसल्या तर पुन्हा मापे घ्यावी लागतात. म्हणून तंत्रज्ञ सांगतात, "रेघा पुसू नका." हे सांगणे अगदी योग्य आहे. पण घरी पोहोचेपर्यंत त्याचे "पाणी लावू नका" होते आणि गावी पोहोचेपर्यंत "आंघोळच करू नका" होते. रेघांवरून पाणी वाहून गेले म्हणून बिघडत नाही, त्या घासायच्या नाहीत. एखादी फिकट झालीच तर दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञांना दाखवावी. घरी पेनने स्वतः गिरवू मात्र कधीही नये.

तपासून पाहिले तेव्हा काय दिसले?

हा केवळ माझा तर्क नाही. ब्रिटनमध्ये स्तनावर किंवा छातीवर किरणोपचार घेणाऱ्या स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट करून हे तपासले गेले. एका गटाने ती जागा धुतली नाही, दुसऱ्याने नुसत्या पाण्याने धुतली, तिसऱ्याने साबण-पाण्याने. १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. धुतल्याने त्रास वाढला नाही, उलट धुणाऱ्यांना तो कमी झाला. पुढे कॅनडातील क्वेबेक प्रांतात शंभराच्या आसपास स्त्रियांवर असाच अभ्यास झाला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. न धुणाऱ्यांपैकी शंभरात ३३ जणींची कातडी ओलसर सोलवटली, साबण-पाण्याने धुणाऱ्यांत हेच प्रमाण शंभरात १४ होते. याला आता वीस वर्षांहून जास्त काळ लोटला. तरीही आमच्या तालुक्यातली बाई ऐन मे महिन्यात आंघोळीवाचून बसते, याचे मला वाईट वाटते.

आंघोळ कशी करावी?

पाणी कोमट असावे, कडकडीत नको. साबण साधा, सौम्य, उग्र वास नसलेला घ्यावा. तो हातावर फेसून तळहाताने हलकेच लावावा. वज्री, घासणी, काथ्या, डाळीचे पीठ, उटणे हे शेकाच्या जागी अजिबात नको. पाणी तांब्याने खांद्यावरून सोडावे, जोराची धार थेट त्या जागेवर मारू नये. साबण पुरता धुऊन काढावा. नंतर जुन्या सुती लुगड्याच्या मऊ तुकड्याने टिपून घ्यावे, पुसू नये. काख आणि स्तनाखालची घडी नीट कोरडी करावी, दोन मिनिटे पंख्याचा वारा लागू द्यावा. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावांत पाणी कमी असते हे मी जाणते. दोन तांबे स्वच्छ पाणीही या जागेला पुरते. पाणी गढूळ असेल तर उकळून, गाळून, निववून घ्यावे.

ऑपरेशनची जखम अजून भरली नसेल, किंवा कातडी सोलवटून लस येत असेल, तर आपल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच धुण्याची पद्धत ठरवावी.

काय लावावे, काय लावू नये?

या बाबतीत आपल्याकडे सल्ला देणाऱ्यांची वाण नाही. कोणी हळदीचा लेप सांगते, कोणी कोरफड, कोणी झेंडूच्या पानांचा रस. एकेकाचा विचार करू.

हळदीबद्दल मलाही प्रेम आहे. पण स्तनाच्या कॅन्सरच्या ६८६ रुग्णांना हळदीतील कुर्क्युमिन हे द्रव्य पोटातून देऊन अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात कातडीच्या त्रासात फरक दिसला नाही. हळद व चंदनतेल असलेल्या तयार क्रीमचा एक लहान अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तो मंगळूरकडे तोंड व घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झाला होता आणि त्यात फायदा दिसला. तरी एवढ्यावरून घरी कुटलेली हळद लावावी असे ठरत नाही. तिची पूड घासते, आणि पिवळ्या रंगाखाली कातडी किती लाल झाली आहे ते डॉक्टरांना दिसत नाही.

कोरफडीच्या जेलची तुलना ऑस्ट्रेलियात साध्या क्रीमशी केली गेली (२००२, २२५ स्त्रिया). कातडी कोरडी सोलणे आणि दुखणे या दोन्हींत साधे क्रीमच सरस ठरले. फ्रान्समध्ये २००४ साली कॅलेंड्युला या फुलाच्या मलमाचा चांगला गुण दिसला होता. पण कॅलेंड्युला म्हणजे आपला दसऱ्याचा झेंडू नव्हे, ती वनस्पती वेगळी. नावाच्या गोंधळात पानांचा रस चोळून घेऊ नये.

मग लावावे काय? बिनवासाचे साधे क्रीम, पातळ थर, दिवसातून दोनदा. शेकाला जाण्याच्या अगदी आधी जाड थर लावू नये, कारण जाड थरामुळे किरणांचा जोर कातडीकडे सरकतो. पातळ थराने तसे होत नाही. खाज व लाली कमी करण्यासाठी मोमेटासोनसारखी स्टेरॉईड क्रीमे उपयोगी पडतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ज्यांचा त्रास वाढण्याचा संभव आहे अशांना ती पहिल्या दिवसापासूनही देतात. परंतु ती आपल्या डॉक्टरांनी लिहून दिली तरच वापरावीत. मेडिकल दुकानातून "खाजेवरची ट्यूब द्या" म्हणून मिळणारी, तीन-चार औषधे एकत्र कालवलेली ट्यूब मुळीच लावू नये.

अलीकडे सिलिकॉनची पातळ फिल्म शेकाच्या जागेवर चिकटवून ठेवण्याची पद्धत निघाली आहे. कॅनडातील ३७६ स्त्रियांच्या अभ्यासात (२०२३) मध्यम ते तीव्र त्रास शंभरात सुमारे ४६ जणींवरून सुमारे १६ जणींवर आला. हे मोठे यश आहे. पण ही वस्तू महाग पडते. ज्यांना परवडेल त्यांनी डॉक्टरांशी जरूर बोलावे. ज्यांना परवडत नाही त्यांनी खंत करू नये. पाणी, साबण आणि मऊ सुती कापड ही साधने गरिबाच्याही घरात आहेत.

लावू नये अशा गोष्टींची यादी मात्र पाठ करावी. दुखण्यावरचा बाम, बिब्बा, चुना, अत्तर, टिंक्चर, आणि ओल्या जागी पावडर. 'शेक' या नावामुळे काही जणी गरम पाण्याच्या पिशवीने ती जागा शेकतात, तेही नको. बर्फही नको. काखेतील केस वस्तऱ्याने काढू नयेत.

कपडे, दागिने आणि मिश्री

घट्ट ब्रेसियर, नायलॉनचे पोलके, जरीची काठाची शिवण कातडीला घासते. सैल सुती पोलके किंवा नवऱ्याचा जुना मऊ सदरा घरात घालावा. यात लाजण्यासारखे काही नाही. उन्हात जाताना ती जागा पदराने झाकावी. मंगळसूत्र किंवा चेन शेकाच्या जागी घासत असेल तर ते दिवस काढून ठेवावे. याला अपशकुन म्हणणाऱ्या सासूबाईंना घरच्या कर्त्या पुरुषाने स्वतः समजवावे. हे काम आजारी सुनेवर टाकू नये.

तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो. मिश्री ही तंबाखूच आहे, हे आपल्याकडच्या स्त्रिया सोयीने विसरतात. शेक सुरू होण्याआधीच ती सोडलेली बरी.

शेक किती, हेही विचारा

कातडीचा त्रास टाळण्याचा एक मार्ग डॉक्टरांच्या हाती आहे. पूर्वी स्तनाच्या कॅन्सरला पाच आठवड्यांत २५ शेक देण्याची पद्धत होती. ब्रिटनमध्ये २,२१५ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात तीन आठवड्यांत १५ शेकांची तुलना त्याच्याशी केली गेली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात कॅन्सर आटोक्यात ठेवण्यात १५ शेक कुठेही कमी पडले नाहीत. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात कमी दिवसांच्या पद्धतीत कातडीचा त्रासही कमी दिसला. "शेजारणीला २५ दिले, मला १५च का? पैसे कमी म्हणून?" असा संशय मनात आणू नये. उलट कोणी २५ सांगितले तर नम्रपणे विचारावे, "डॉक्टरसाहेब, मला १५ चालतील का?" काही रुग्णांच्या बाबतीत जास्त दिवसांची कारणे असू शकतात, ती डॉक्टर सांगतील. गावाकडच्या बाईचे दहा दिवसांचे भाडे, खोलीचा खर्च आणि घरच्यांचा बुडालेला रोजगार वाचतो, हा लाभ वेगळाच.

तसेच स्तन पूर्ण काढलेल्या काही स्त्रियांच्या छातीवर शेक देताना मुद्दाम जेलीसारखा थर ठेवतात. किरणांचा जोर कातडीपर्यंत यावा हाच त्याचा हेतू असतो. त्यामुळे त्यांची कातडी जास्त लाल होते. यात उपचाराचा दोष नसतो, हे आधी कळले तर भीती वाटत नाही.

माझे मागणे

ताप आला, पू झाला, दुर्गंधी येऊ लागली, कातडी ओली सोलवटली किंवा फोड आले, तर त्याच दिवशी शेकाच्या रुग्णालयात दाखवावे. तिथे ड्रेसिंग होते, औषध मिळते. शेक थांबवायचा की नाही हा निर्णय तिथल्या डॉक्टरांचा. आपण होऊन घरी निघून येऊ नये.

बार्शीसारख्या ठिकाणी कॅन्सरचे रुग्णालय उभे राहिले, त्यामुळे ग्रामीण भागातील रुग्णांची मोठी सोय झाली. यंत्रांवर कोट्यवधी रुपये खर्च होतात, ते व्हायलाच हवेत. पण शेक सुरू होण्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येक बाईच्या हातात मराठीत छापलेला एक कागद पडावा, एवढे माझे मागणे आहे. मोठ्या अक्षरांत दहा ओळी पुरेत. आंघोळ करा. घासू नका. टिपून कोरडे करा. रेघा गिरवू नका. हे लावा, हे लावू नका. अमुक झाले तर या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना परिचारिकेने सोबतच्या माणसासमोर वाचून दाखवावे. गावातील आशाताईंनाही हा कागद द्यावा, कारण शनिवारी-रविवारी ही बाई त्यांच्याच गावी असते. एका कागदाला खर्च असा कितीसा येणार?

हा कागद निघेल तेव्हा निघेल. तोवर, वाचकहो, तुमच्या घरी, भावकीत, शेजारी कोणी बाई शेक घेत असेल तर हा लेख कापून तिच्या घरी द्या. तिच्यासाठी बंबात पाणी कोमट करून ठेवा, जुने सुती लुगडे फाडून मऊ तुकडे करून द्या, आणि आंघोळ करून आल्यावर तिला देवापुढे दिवा लावू द्या. औषधाइतकाच त्याचाही तिला आधार वाटेल.